कंपनीतून आली तशी

माझी स्वतःची गाडी शर्यतीत घेतली नाही. तिला मी नंतर गॅसचं सिलिंडर बसवून घेतलं आहे आणि मला ज्या 'स्टॉक' गटात उतरायचं होतं त्याचा नियम सरळ होता: गाडी कंपनीतून जशी आली तशीच पाहिजे. इंजिनाला हात लावलेला नको, सायलेन्सर बदललेला नको, सिलिंडर तर नकोच नको. शर्यतवाल्यांचा फोनवरचा माणूस म्हणाला, "सर, घरात दुसरी आहे का एखादी? अजिबात छेडछाड न केलेली?"

होती. अहमदपूरला, आईवडिलांच्या अंगणात, ताडपत्रीखाली. पांढरी, पेट्रोलवरची, मागे डिकी असलेली. तिच्याशी कुणी छेडछाड करणं शक्यच नव्हतं, कारण अण्णांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, ती घेतल्यापासून सीटवरचं प्लास्टिकसुद्धा काढलेलं नाही. आणि तिची किल्ली माझ्याजवळ होती. नांदेडला, माझ्या कपाटात, माझ्या रुमालांखाली.

वडिलांच्या गाडीची किल्ली मुलाच्या रुमालांखाली का होती, ते आधी सांगतो.

त्याच्या आदल्या वर्षी अण्णांनी एसटी स्टँडसमोर केळ्यांच्या हातगाडीला गाडी घासली. कुणाला लागलं नाही. हातगाडीचं एक चाक वाकलं, केळी रस्त्यावर गेली. अण्णा खाली उतरून उलट त्या केळीवाल्यालाच म्हणाले, "तू एकदम मधी कुठून आला बाबा?" तो बिचारा सकाळपासून तिथेच उभा होता. मग डोळे तपासून घेतले. काचबिंदू निघाला. डॉक्टरांनी सांगितलं, समोरचं चांगलं दिसतं, पण दोन्ही बाजूंचं हळूहळू मिटत चाललं आहे, आणि गेलेलं परत येत नाही.

माझी धाकटी बहीण लातूरला शाळेत शिकवते. तिने फोन केला. "दादा, किल्ली तूच घे. माझ्याच्यानं होणार नाही."

मी घेतली. दाराशेजारच्या खुंटीवरून काढली आणि खिशात टाकली. अण्णा समोर खुर्चीत पेपर वाचत होते. त्यांनी पाहिलं. पान उलटलं. एवढंच.

आजही कुणी विचारलं तर मी म्हणेन, घेतली ते बरोबर केलं. उद्या तीच वेळ आली तर पुन्हा घेईन. पण बरोबर केलं म्हणून मन हलकं झालं असं मात्र घडलं नाही. अण्णा माझ्याशी बोलत होते, पण बँकेतल्या साहेबाशी बोलावं तसं. मी गेलो की "या, बसा" म्हणायचे. "चहा घेणार का तुम्ही?" म्हणायचे. ज्यांनी मला पाठीत धपाटे घालून पाढे शिकवले, ते मला अहो-जाहो करू लागले. आईने एकदा टोकलं, "लेकराला काय अहो म्हणून राहिले?" तर म्हणाले, "मोठे अधिकारी आहेत ते. जप्ती करतात."

मी साधा कार्यालयातला माणूस. जप्ती वगैरे माझ्या खात्यात येत नाही.

आता शर्यतीबद्दल. ही ड्रॅगची शर्यत. सरळ रस्ता, शेजारी-शेजारी दोन गाड्या, दिवा हिरवा झाला की चारशे मीटर निघायचं. वळण नाही, ओव्हरटेक नाही. लातूरच्या बाहेर एका औद्योगिक वसाहतीत रुंद काँक्रीटचा रस्ता आहे. वसाहत वसलीच नाही, रस्ता तेवढा वसला. तो एका रविवारपुरता परवानगी काढून बंद ठेवणार होते. दोन्ही बाजूंनी कठडे, अँब्युलन्स, सगळं. नांदेडला मी ज्या गॅरेजात गाडी दाखवतो तिथे भिंतीवर त्याची जाहिरात लावलेली होती. ती मी वाचली, घरी आलो, जेवलो, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा जाऊन वाचली.

मला सगळ्यांत अवघड जाणारी कबुली इथे द्यायची आहे. ती अशी, की मला वेग आवडतो. पन्नाशी ओलांडलेल्या, दोन मुलं कॉलेजात असलेल्या, रांगेत कुणी पायावर पाय दिला तर स्वतःच "माफ करा" म्हणणाऱ्या माणसाला वेग आवडतो. अहमदपूरच्या वाटेवर लोह्याच्या पुढे रस्ता सरळ होतो तिथे समोर कुणी नसलं की पाय आपोआप दाबला जातो आणि लगेच वर येतो, कारण बायको काय म्हणेल, पोलीस काय म्हणेल, मुलांच्या फीचं काय. तो पाय एकदा तरी वर न घेता दाबून पाहावा, तोही कुणाच्या जिवाला धोका नसलेल्या ठिकाणी, हेल्मेट घालून, एवढीच माझी इच्छा होती. यात कुणाचं काही जात नव्हतं. तरी मला ती इच्छा चोरीसारखी वाटत होती.

बायकोला सांगितलं तर ती कणीक मळत होती. हात न थांबवता म्हणाली, "या वयात लोक गुडघ्याचं तेल आणतात."

"ते पण आणतो," मी म्हणालो.

"अण्णा देतील गाडी?"

किल्ली माझ्याकडे होती, विचारायची गरज नव्हती असंही कुणी म्हणेल. पण त्यांना न विचारता ताडपत्री काढली असती, तर मी खरोखरच जप्तीवाला ठरलो असतो.

शनिवारी अहमदपूरला गेलो. अण्णा अंगणात गाडीच्या बाजूलाच खुर्ची टाकून बसले होते.

"या. बसा."

मी बसलो नाही. उभ्या उभ्याच सांगून टाकलं. शर्यत, लातूर, चारशे मीटर, कंपनीतून आली तशी गाडी. ते पूर्ण ऐकून घेतलं त्यांनी. मग आत तोंड करून आईला हाक मारली. "ऐकलं का? साहेबांना गाडी पळवायची हाय."

आई पदराला हात पुसत बाहेर आली. ती हिमायतनगरकडची. तिच्या माहेरी शंकरपटात बैलजोड्या पळवायचे. तिला शर्यतीचं नवल वाटलं नाही. तिने विचारलं, "कोण कोण हाय पटात?"

"पोरं असतात बहुतेक आई. विशी-तिशीची."

"मंग तू काय करतो तिथं?"

"हरतो," अण्णा म्हणाले.

मी म्हणालो, "हरलो तर हरलो. पण पळवणार आहे. तुम्ही हो म्हणाला तर याच गाडीने, नाही म्हणाला तर नाही. पण मागितल्याशिवाय नेणार नाही."

माझा आवाज चढला होता. अण्णांनी चष्मा काढून पुसला, पुन्हा घातला, आणि मान पूर्ण वळवून माझ्याकडे पाहिलं. त्यांना आता असंच पाहावं लागतं.

"न्या गाडी. पण दोन अटी हायत. तयारी इथं करायची, अहमदपुरात, माझ्यासमोर. आणि एकदा मी चालवणार."

"अण्णा, डॉक्टरांनी..."

"मला सरळ दिसतं. बाजूचं दिसत नाही. तुमच्या या शर्यतीत बाजूचं कशाला बघायचं?"

मी ताडपत्रीचं टोक सारखं केलं.

"कुठे चालवणार?"

"मोंढ्यात. अमावस्येला."

आमच्याकडे धान्याच्या बाजाराला मोंढा म्हणतात. एरवी तिथे पाय ठेवायला जागा नसते, पण अमावस्येला मोंढा बंद. लिलाव नाही, हमाल कामावर नाहीत, ट्रक नाहीत. मधला काँक्रीटचा लांब पट्टा रिकामा आणि बाहेर फाटक. तिथला एक आडत्या, म्हणजे धान्याचा दलाल, शाळेत अण्णांच्या हाताखालून शिकून गेलेला. त्याने फाटक उघडून द्यायचं कबूल केलं. जागा शोधून काढली होती अण्णांनी. अमावस्या हा नव्या कामाला वाईट दिवस, हे आईने तीनदा सांगून झालं, तेव्हा म्हणाले, "चांगल्या दिवशी तिथं ट्रक असतात."

मी हो म्हणालो. बहिणीला विचारलं नाही, बायकोला कळवलं नाही. काचबिंदू झालेल्या माणसाला गाडी चालवू द्यायला मी शुद्धीवर असताना होकार दिला. हे लिहून ठेवतो, कारण नंतर याच्यावरून बरंच ऐकावं लागलं आणि ते मी ऐकून घेतलं.

अमावस्येला सकाळीच पोचलो. ताडपत्री काढली, नवी बॅटरी बसवली, ऑइल बदललं, एअर फिल्टर झटकला, टायरची हवा पाहिली. वजन कमी करायला डिकी रिकामी करायची होती. डिकी उघडली तर आत लग्नाचा आहेर. आमच्याकडे लग्नात पाहुण्यांना टॉवेल-टोपी देतात. अण्णांनी कित्येक लग्नांतल्या टॉवेल-टोप्या पुढच्या लग्नांत द्यायला साठवून ठेवल्या होत्या. त्याखाली पाण्याचा कॅन, दोर, आणि गाडी उभी केल्यावर चाकामागे लावायचा दगड, कारण हँडब्रेकवर त्यांचा विश्वास नाही. मी सगळं ओसरीवर काढून ठेवलं. मग सीटच्या प्लास्टिकला हात घातला. ते जुनं होऊन पिवळं पडलेलं, बसलं की मागे-पुढे घसरायला होतं.

"त्याला हात नका लावू."

"अण्णा, घसरायला होतं."

"कंपनीतून आली तशी पाहिजे म्हणालात ना? प्लास्टिक कंपनीतूनच आलं."

दुपार कलली तसे आम्ही दोघं मोंढ्यात गेलो. गाडी मी चालवली, अण्णा शेजारी. फाटकाशी चहाच्या टपरीवर सुट्टीचे हमाल पत्ते खेळत बसले होते. त्यांतला एक मिशीवाला ओरडला, "गुरुजी, पोराला गाडी शिकवायला आणलं का काय?"

"हाव," अण्णा म्हणाले. "पेन्शन लागायच्या आत शिकतो म्हणतोय."

सगळे हसले. मीही हसलो. आत वळलो आणि ब्रेक मारला.

ज्याचा विचार कुणीच केला नव्हता ते समोर पडलं होतं. अमावस्येला प्रत्येक आडत दुकानावर नवं लिंबू-मिरची बांधतात आणि जुनं रस्त्यात टाकतात. कुणी नारळ फोडतं, कुणी लिंबू उतरवून चिरून टाकतं. पट्ट्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत लिंबं, मिरच्या, नारळाचे तुकडे, आणि त्यांच्या मधे आदल्या दिवसाच्या सोयाबीनचे दाणे. दाण्यांवर चाक जागेवरच फिरणार आणि चिरलेल्या लिंबावर तर घसरणारच. आणि ही साधी लिंबं नव्हेत. लोकांनी आपापली पीडा त्यांत उतरवून टाकलेली. आमच्याकडे माणूस असं लिंबू ओलांडत नाही, बाजूने जातो. हात लावायचा तर प्रश्नच नाही.

मी या गोष्टी मानत नाही. कार्यालयात यावर मी भाषणं दिली आहेत. तरी मी स्टिअरिंग धरून बसून राहिलो. हात दाराकडे जाईना.

अण्णा उतरले. ओसरीवरून येताना त्यांनी एक लग्नातला टॉवेल खांद्यावर टाकला होता, तो काढून झोळीसारखा धरला, आणि वाकून पहिलं लिंबू उचललं. मग दुसरं. प्रत्येक वेळी मान उजवीकडे, मान डावीकडे, कोंबडीसारखी, कारण पायाजवळचंही त्यांना वळून पाहिल्याशिवाय दिसत नव्हतं. सत्तरी ओलांडलेले, इस्त्रीचा पांढरा शर्ट घातलेले निवृत्त गुरुजी भर मोंढ्यात गावाची पीडा वेचत होते.

टपरीवरून मिशीवाला धावत आला. "गुरुजी, हात नका लावू! दुसऱ्याची पीडा असती ती!"

"जन्मभर दुसऱ्याची पोरं सांभाळली मी. तुझं पोरगं बी होतं त्यात. पीडा म्हंजे काय ते मला नको सांगू."

बाकीचे हसून लोटपोट झाले. मिशीवाल्यालाही हसू आवरेना. तो परत गेला आणि लांब दांड्याचा झाडू घेऊन आला. लिंबाला शिवला नाही, पण दाणे झाडायला लागला.

मग मी उतरलो. पहिलं लिंबू उचलताना बोटांना शहारा आला, तो आठवतो. मऊ पडलेलं, ऊन लागून कोमट झालेलं. दुसऱ्याला काही वाटलं नाही.

पट्टा मोकळा झाला. आधी मी चालवली. पहिल्यांदा क्लच एकदम सोडला, गाडीने आचका खाल्ला आणि बंद पडली. टपरीवरून शिट्ट्या. दुसऱ्यांदा रेस जास्त झाली, पुढची चाकं जागेवरच किंचाळली, रबराचा वास आला आणि मी प्लास्टिकवरून मागे घसरलो. तिसऱ्यांदा जमलं. क्लच अर्ध्यावर, रेस जेमतेम, गाडी थरथरते त्या क्षणी पाय सोडायचा. पहिला गिअर संपेपर्यंत दाबून धरायचं, दुसरा टाकायचा, पट्टा संपायच्या बराच आधी थांबायचं. गाडी एवढी पळू शकते हे तिलाही त्या दिवशीच कळलं असावं. अण्णांनी तिला कधी तिसऱ्या गिअरच्या वर फारसं नेलंच नव्हतं.

थांबलो तेव्हा मी मोठमोठ्याने हसत होतो. कुणासमोर, कशासाठी, काही नाही.

अण्णा खिडकीशी आले. "झालं तुमचं? आता सरका."

मी डावीकडच्या सीटवर गेलो. ते बसले, आरसा नीट केला, सीट पुढे घेतली, देवाला हात जोडतात तसा स्टिअरिंगला हात लावला. मी हळूच हँडब्रेकवर हात ठेवला.

"हात काढ तिथून."

एका वर्षात पहिल्यांदा त्यांनी मला "काढ" म्हटलं. मी हात काढला. मांडीवर ठेवला.

गाडी सुटली ती माझ्यापेक्षा मऊ सुटली. आचका नाही, आवाज नाही. पहिला, दुसरा. नजर समोर, मान ताठ. मोंढ्याच्या शेवटचा वजनकाटा जवळ येत होता आणि मला वाटलं, उगाच आपण यांना बसवून ठेवलं. हे तर चालवतात.

तेवढ्यात डावीकडच्या शेडच्या सावलीतून एक कुत्रं उठलं, आळस दिला आणि चालत पट्ट्यावर आलं. पळत नव्हतं. चालत होतं. मी ते पाहत होतो, आता अण्णा पाय काढतील म्हणून वाट पाहत होतो. त्यांनी काढला नाही.

"ब्रेक! अण्णा, ब्रेक!"

त्यांनी दाबला. गाडी तिरपी होऊन थांबली, बंद पडली. कुत्रं आमच्याकडे पाहत पलीकडे गेलं.

"कुठून आलं ते?" अण्णा म्हणाले.

मी खोटं बोलू शकलो असतो. पळत आलं, मलाही दिसलं नाही, असं म्हणता आलं असतं. एरवी मी म्हणालोही असतो.

"तिथंच बसलेलं होतं अण्णा. आपण आलो तेव्हापासून."

त्यांनी मान वळवून शेडकडे पाहिलं. मग म्हणाले, "म्हंजे केळीवाला बी तिथंच उभा होता."

"हो," मी म्हणालो.

"बरं," ते म्हणाले. उतरले, बॉनेटवर हात टेकत पुढून वळसा घालून माझ्या दाराशी आले. "सरक. चालव तू."

घरी आल्यावर आईने दोघांनाही उंबऱ्याच्या आत घेतलं नाही. अंगणातल्या नळावर आंघोळ करायला लावली. अण्णांनी टॉवेलची झोळी पुढे केली. "फेकायची कशाला? लोणचं घाल."

"आधी तुमचंच घालते लोणचं!" आई म्हणाली आणि झोळी टॉवेलसकट गावाबाहेर टाकून यायला मला परत पिटाळलं.

त्या संध्याकाळी बहिणीचा फोन आला. आईने सगळं सांगितलेलं होतं.

"दादा, तू त्यांना चालवू दिलीस?"

"दिली."

"काही झालं असतं म्हणजे?"

"झालं असतं तर माझ्यावर आलं असतं."

"तुझ्यावर येऊन काय फायदा? डोक्यावर पडलास का?"

ती वाट पाहत होती. आमच्या घरात अशा जागी माझं "चुकलं" येतं, मग पुढचं बोलणं सुरू होतं. ते ओठापर्यंत आलंही होतं. तिचं म्हणणं शंभर टक्के खरं होतं. तरी मी ते म्हणालो नाही.

"शर्यत रविवारी आहे," मी म्हणालो. "येणार असशील तर ये."

ती आली. रागातच आली, आईसाठी पाण्याची बाटली आणि छत्री घेऊन. औद्योगिक वसाहतीच्या त्या रस्त्यावर पोरांची गर्दी होती. रंगीत गाड्या, मोठे सायलेन्सर, कानात बोळे. आमच्या गटाची रांग वेगळी, साध्या गाड्यांची. तपासणीवाल्या पोराने बॉनेट उघडून पाहिलं, बॅटरी हलवून पाहिली, आत डोकावला आणि थांबला.

"सर, हे प्लास्टिक?"

"कंपनीतून आलं तसंच आहे," अण्णा मागून म्हणाले.

त्याने दुसऱ्याला बोलावून दाखवलं. दोघांनी फोटो काढला. "स्टॉक म्हणजे काय ते आज पाहिलं," म्हणाला आणि काचेवर नंबर चिकटवला.

फक्त चालवणाऱ्यालाच गाडीत बसता येत होतं. अण्णा, आई, बहीण कठड्यामागे गेले. मी हेल्मेट घातलं, काचा वर केल्या, एसी बंद. शेजारच्या लेनमध्ये लाल गाडीत एक मुलगी होती. लातूरची दातांची डॉक्टर, असं रांगेत उभं असताना तिनेच सांगितलं होतं. तिचीही पहिलीच वेळ. तिने माझ्याकडे बघून अंगठा दाखवला आणि तोंड समोर केलं.

खांबावर पिवळा दिवा लागला. क्लच अर्ध्यावर. गाडी थरथरायला लागली, मोंढ्यात थरथरली होती तशी. दुसरा पिवळा. आणि त्या क्षणी मला वाटलं, अण्णा कुठे उभे आहेत, त्यांना इथून दिसतंय का, दोन गाड्या म्हणजे एक तर बाजूलाच येणार. मी मान वळवली. कठड्याशी पांढरा शर्ट शोधला.

तो सापडेपर्यंत लाल गाडी गेली होती.

मी सोडला क्लचवरचा पाय. उशिरा, पण पूर्ण सोडला. प्लास्टिकवरून घसरलो, पाठ टेकली, पहिला संपवला, दुसरा टाकला, तिसरा टाकला, पाय एकदाही वर घेतला नाही. कानात फक्त त्या म्हाताऱ्या इंजिनाचा आवाज, गाडीने जन्मात कधी काढला नव्हता तसा. लाल गाडी पुढेच राहिली. चारशे मीटर संपले तरी मी ओरडत होतो, काय ते मलाही माहीत नाही.

हळूहळू परतीच्या रस्त्याने आलो, काच खाली केली, इंजिन चालूच ठेवून उतरलो. चौघं एकत्र झालो. आईने हेल्मेटमुळे घामेजलेलं माझं डोकं पदराने पुसलं. "हरला न्हाई का?"

"हरलो."

"ती पोरगी सरळ बघत होती," अण्णा म्हणाले. "तू बाजूला बघितलंस."

"तुम्हाला दिसलं?"

"तेवढं समोरच होतं."

मग त्यांनी खिडकीतून आत हात घातला, इंजिन बंद केलं, किल्ली काढली आणि शर्टाच्या खिशात टाकली. सहज, आपली वस्तू उचलावी तशी.

बहिणीने मला बाजूला ओढलं. "दादा, किल्ली गेली त्यांच्याकडं."

"बघितलं."

"मागून घे."

"तू माग."

तिने अण्णांकडे पाहिलं. ते आईला दिव्यांचा खांब दाखवत होते, कोणता दिवा कधी लागतो ते समजावून सांगत होते, वर्गात सांगायचे तसे. ती गेली नाही.

"मी पुन्हा काढून घेणार नाही," मी म्हणालो. "ते चालवणार नाहीत. ते त्यांचं त्यांनी ठरवलंय, मोंढ्यात, माझ्यासमोर. गाडी चालवायची नाही हे ठरवायला मी गेलो होतो. किल्ली कुणाच्या घरात राहावी हे मी का ठरवलं, ते मला अजून कळलेलं नाही."

"आणि उद्या गेले घेऊन म्हणजे?"

"मग तू मला शिव्या दे. मी ऐकून घेईन. पण आज माफी मागणार नाही. तुझीही नाही, त्यांचीही नाही."

ती पुटपुटली, "घरात दोन होते येडे, आता कळलं." पण तिची छत्री तेवढी माझ्या डोक्यावर आली.

निघताना अण्णा सरळ डाव्या दाराने जाऊन बसले. पट्टा लावला. मी स्टिअरिंगवर बसलो आणि हात पुढे केला. त्यांनी खिशातून किल्ली काढून माझ्या तळहातावर ठेवली. "सावकाश ने. पोटातलं पाणी हललं न्हाई पाहिजे."

अहमदपूरला पोचलो तेव्हा त्यांनी पुन्हा हात पुढे केला. मी किल्ली दिली. चाकामागे दगड लावला, ताडपत्री घातली. आत आलो तर ती खुंटीवर होती.

आता गाडी लागली की मला मागावी लागते. कधी देतात, कधी म्हणतात, "कशाला पाहिजे?" आणि मला सांगावं लागतं, कशाला. बहीण फोनवर अजून विचारते, किल्ली कुठाय. मी म्हणतो, खुंटीवर.